दोनशे तासांची खतावणी

बलिप्रतिपदा, १४ नोव्हेंबर २०२३, तुमसर

दिवाळीसाठी चार दिवस घरी आले आहे. बाबांनी भातगिरणीची नवी वही आज उघडली आणि त्याच मुहूर्तावर मीही ही नोंदवही सुरू करत आहे. काम असे आहे : व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, आणि त्याला जोडून इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांकडे पाहून उडणे) व मल्टि-इंजिन (एकाहून अधिक इंजिनांचे विमान) ही दोन रेटिंग्ज, म्हणजे जादा पात्रता. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर प्रशिक्षण चालू आहे. पहिला सोलो ९ ऑक्टोबरला झाला. आजअखेर एकूण उड्डाण ४३ तास १० मिनिटे असून त्यांपैकी विमानाची जबाबदारी एकटीवर असलेले, म्हणजे पीआयसीचे, फक्त ७ तास २५ मिनिटे आहेत.

लॉगबुक बाबांना दाखवले. तीस वर्षे मुनिमी केलेल्या माणसाने पहिली दोन पाने उलटली आणि विचारले, "ही रोजकीर्द झाली. खतावणी कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान, वेळ हे सारे लिहिलेले होते, पण कोणत्या खात्यात किती जमा आणि किती बाकी, हे एका नजरेत दिसत नव्हते. तेव्हा बसून खाती पाडली.

विमान नियम १९३७ च्या दुसऱ्या परिशिष्टानुसार सीपीएलला एकूण २०० तास हवेत. त्यांत १०० तास पीआयसीचे हवेत आणि त्या शंभरांपैकी किमान १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. पीआयसी म्हणून २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या प्रवासाचे, हवेत आणि त्यात किमान ३०० नॉटिकल मैलांचा असा एक प्रवास हवा, ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून विमान पूर्ण थांबवलेले असेल. इन्स्ट्रुमेंटचे १० तास, पैकी जमिनीवरचे, म्हणजे सिम्युलेटरवरचे, पाचाहून अधिक नाहीत. रात्रीचे ५ तास, त्यात एकटीने केलेली दहा उड्डाणे आणि दहा लँडिंग, तीही अर्जाआधीच्या सहा महिन्यांत. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी यांतली दोन खाती फुगतात : पीआयसी क्रॉस-कंट्री ५० तासांवर जाते आणि इन्स्ट्रुमेंटचे तास ४० वर, ज्यांत सिम्युलेटरचे २० पर्यंत चालतात.

या खात्यांची सरळ बेरीज केली तर आकडा दोनशेच्या कितीतरी पुढे जातो. म्हणजे एकाच तासाने दोन-तीन खात्यांत जमा व्हायला हवे. एकटीने रायपूरला जाऊन आले, तर तो वेळ एकूण, पीआयसी आणि क्रॉस-कंट्री अशा तिन्ही ठिकाणी चढतो, आणि धावपट्टीभोवती सर्किट मारत बसले, तर दोनच ठिकाणी. शिवाय काही जमा सहा महिन्यांनी आपोआप रद्द होते. बाबांना ही शेवटची गोष्ट अजिबात पटली नाही. "तारीख निघून गेली की जमा कसली?" असे म्हणून त्यांनी त्या दोन खात्यांसमोर लाल पेन्सिलीने फुली मारली. ती फुली तशीच ठेवते.

२९ नोव्हेंबर २०२३

आज उड्डाण झाले नाही, तरीही नोंद करते.

सकाळी सहाला विमानाची बाहेरून तपासणी करत होते. आमची शिकाऊ विमाने चार आसनी डायमंड डीए-४० आहेत. त्यांना अ‍ॅव्हगॅस १०० एलएल लागते आणि त्या इंधनाचा रंग निळा असतो. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढायचे, उजेडाकडे धरायचे आणि पाहायचे, एवढेच काम असते. हे मी चाळीस वेळा केले असेल आणि चाळीसही वेळा पेल्यात नुसता निळा रंग दिसला होता. आज पेल्याच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा एक स्वच्छ थेंब बसला होता. पेला हलवला की तो तळावर घरंगळे, पण निळ्यात मिसळत नसे. इंधनापेक्षा पाणी जड असल्याने ते खालीच राहते. टाकी अर्धी रिकामी होती आणि रात्री गारवा होता, त्यामुळे आतल्या हवेतला दमट अंश टाकीच्या पत्र्यावर दवासारखा साचून खाली उतरला असावा.

पाच वेळा पेला भरून काढला. तिसऱ्या वेळी थेंब मोहरीएवढा झाला, चौथ्या आणि पाचव्या वेळी तो दिसला नाही. तोवर धुक्याने दृश्यता ५ किलोमीटरच्या खाली गेली आणि व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून करायची, उड्डाणे थांबली, त्यामुळे तसेही जाता आले नसते. प्रशिक्षक सरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की पाण्याचा थेंब शोधण्यापेक्षा निळा रंग शोधत जा. संपूर्ण पेला पाण्यानेच भरला असेल तर थेंब दिसणारच नाही आणि तुला सगळे स्वच्छ वाटेल. हे डोक्यात आले नव्हते. उद्यापासून पेला पांढऱ्या पंखासमोर धरायचा.

१७ डिसेंबर २०२३

एकूण ६१:३०. आज सरांबरोबर रायपूरचा क्रॉस-कंट्री केला आणि त्यात वाट चुकले. कशी चुकले, ते सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढच्या महिन्यात याच वाटेने एकटीला जायचे आहे.

बिरसी ते रायपूर ८४ नॉटिकल मैल, दिशा १०४ अंश. आमच्या भागात चुंबकीय फरक शून्याच्या जवळपास आहे, त्यामुळे नकाशावर मोजलेला अंश जवळजवळ तसाच होकायंत्रावर धरता येतो. ही विदर्भाच्या शिकाऊ वैमानिकांना निसर्गाने दिलेली सवलत म्हणावी लागेल. पूर्वेकडे जाताना विषम हजार अधिक पाचशे, म्हणून उंची ५,५०० फूट घेतली.

अडचण लोहमार्गाने केली. मुंबई–हावडा मार्ग गोंदियाहून निघाल्यावर आग्नेयेला सालेकसा, दरेकसा करत डोंगरगडकडे उतरतो, तिथून राजनांदगाव आणि मग दुर्ग-भिलाईपाशी पुन्हा वर येऊन आपल्या रेषेला भेटतो. म्हणजे सुरुवात आणि शेवट एक, पण मध्ये तो धनुष्यासारखा दक्षिणेकडे वाकलेला आहे. मला हे नकाशावर माहीत होते. तरीही धुरकट हवेत खाली जंगलाशिवाय काही दिसत नसताना उजवीकडे ती चकाकती दुहेरी रेघ दिसली की नजर तिथे जाते, आणि नजर जाते तिकडे हात जातो. मी दिशा सोडली नव्हती, निदान तसे मला वाटत होते. प्रत्यक्षात दर दोन मिनिटांनी एखादा अंश उजवीकडे सरकत होते.

सरांनी काहीच सांगितले नाही. सत्तावीस मैलांवर त्यांनी विचारले, "डोंगरगडची टेकडी किती लांब असायला हवी?" बम्लेश्वरीचे मंदिर असलेली ती टेकडी रेषेपासून उजवीकडे सुमारे १३ मैलांवर असायला हवी होती. ती तर मला हात लांब केला की लागेल अशी दिसत होती. मोजले, तर मी साडेचार मैल उजवीकडे होते.

मग एकास-साठचा नियम वापरला. साठ मैलांत एक मैल सरकणे म्हणजे एक अंशाची चूक. सत्तावीस मैलांत साडेचार मैल, म्हणजे दहा अंश. रेषेला समांतर होण्यासाठी दहा अंश डावीकडे आणि उरलेल्या ५७ मैलांत रायपूरला पोहोचण्यासाठी आणखी जवळपास पाच. एकूण पंधरा अंश डावीकडे वळले. अकरा मिनिटांनी राजनांदगाव आणि पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी समोर अपेक्षित जागी उभी राहिली. पोलादाच्या धुराने मनाला इतका आनंद व्हावा, असे क्वचितच घडत असेल.

परतल्यावर सर एवढेच म्हणाले की लोहमार्ग दाखला म्हणून वापर, वाटाड्या म्हणून नको. माझ्या नकाशावर आता त्या वाकणावर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून ठेवल्या आहेत.

१९ जानेवारी २०२४

३०० मैलांचा प्रवास झाला. एकूण ८०:०५, पीआयसी ३१:५०, पीआयसी क्रॉस-कंट्री ९:४०.

बिरसी–रायपूर–नागपूर–बिरसी हा त्रिकोण ८४ अधिक १५१ अधिक ७४, म्हणजे ३०९ मैलांचा होतो. नियमाला ३०० पुरतात. नऊ मैल जास्तीचे आहेत आणि दोन उतरण्या दोन वेगळ्या विमानतळांवर होतात, म्हणून आमच्याकडचे बहुतेक जण हाच त्रिकोण उडतात.

सकाळी सातला तयार होते, पण रायपूरच्या मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, दृश्यता २ किलोमीटर होती. आठला अडीच, नऊला तीन. या तीन तासांत करण्यासारखे काही नसते आणि तरीही माणूस थकतो. मी वाऱ्याचा हिशेब पुन्हा केला. पाच हजार फुटांवर वारा पूर्वेकडून १५ नॉट होता, त्यामुळे जाताना जमिनीवरचा वेग १०० आणि रायपूरहून नागपूरला येताना १३० धरला. साडेदहाला दृश्यता ५ किलोमीटरवर आली आणि पावणेअकराला मी धावपट्टी सोडली.

पहिली बाजू ५० मिनिटांची काढली होती, ५१ लागली. या वेळी लोहमार्गाकडे मी ठरवून दर पाच मिनिटांनी एकदाच पाहिले. रायपूरला उतरले, एटीसीकडे, म्हणजे हवाई नियंत्रण कक्षाकडे, वेळ नोंदवली, पाणी प्यायले, पुढची फ्लाइट प्लॅन पक्की केली आणि निघाले.

दुसरी बाजू सर्वांत लांब आणि सर्वांत सोपी आहे. दिशा २६८, उंची ४,५०० फूट, आणि खाली जवळपास अखंड राष्ट्रीय महामार्ग ५३ : देवरी, साकोली, मग भंडारा. डाव्या हाताला नवेगावबांधचे पाणी, उजव्या हाताला नागझिऱ्याचे जंगल. तलावांचा प्रदेश म्हणतात तो किती खरा आहे, हे साडेचार हजार फुटांवरून कळते. प्रत्येक गावाच्या वरच्या अंगाला एक मालगुजारी तलाव आहे आणि दुपारच्या उन्हात ते एकामागून एक पेटत जातात. भंडाऱ्यापाशी वैनगंगा, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने रुंद झालेली. मौद्याची धुराडी दिसली की नागपूरच्या नियंत्रकाशी बोलायचे.

नागपूरला माझ्यापुढे एक एअरबस होती. नियंत्रकाने मला दक्षिणेला गोल फिरत थांबायला सांगितले. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांवरून जे भोवरे सुटतात, त्यांत माझे हजार-अकराशे किलोचे विमान उलटे होऊ शकते, म्हणून हलक्या विमानाला मागे तीन मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. मी दोन फेऱ्या मारल्या, ती जिथे टेकली त्याच्या पुढे टेकायचे हे मनाशी म्हणत उतरले. ३,२०० मीटरच्या धावपट्टीवर पुढे टेकायला जागेची चिंता नव्हती. उलट धावपट्टी एवढी रुंद की मी जमिनीपासून आहे त्यापेक्षा खाली आहे असे वाटून फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणे, लवकर केला आणि विमान शेवटचा हातभर धपकन बसले. नोंद : रुंद धावपट्टी डोळ्याला फसवते.

तिसरी बाजू ७४ मैलांची, दिशा ०६९. ही रेषा तुमसरच्या दक्षिणेने तीन मैलांवरून जाते आणि तिरोड्याच्या औष्णिक केंद्रावरून बिरसीत येते. बाबांना वेळ कळवली होती. ते गच्चीवर उभे होते म्हणे आणि त्यांना काही दिसले नाही. साडेपाच हजार फुटांवरचे पांढरे विमान तीन मैलांवरून दिसतही नाही, हे मी त्यांना आधीच सांगायला हवे होते.

९ फेब्रुवारी २०२४

परीक्षांची नोंद थोडक्यात. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, प्रत्येक विषयात ७० टक्के लागतात. एअर नॅव्हिगेशन आणि एअर रेग्युलेशन्स सुटले. मीटिऑरॉलॉजीत ६६ मिळाले. ढगांचे प्रकार पाठ होते. दाबाच्या रेषांवरून वारा काढण्याच्या तीन प्रश्नांनी घात केला. एप्रिलच्या सत्रात पुन्हा बसायचे.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. वरच्या तुकडीतल्या एकाला ताप आला, म्हणून रात्रीच्या उड्डाणांची एक जागा पुढच्या आठवड्यात मोकळी आहे आणि ती मला देऊ केली आहे. मोह मोठा आहे. पण फेब्रुवारीत केलेली दहा रात्रीची लँडिंग ऑगस्टमध्ये शिळी होतात, आणि जून ते सप्टेंबर पूर्व विदर्भात पाऊस असतो, त्यामुळे ऑगस्टपूर्वी माझे दोनशे तास भरणार नाहीत, हे कागदावर आजच दिसते आहे. बाबांची लाल फुली पुढे होती. जागा दुसऱ्या मुलीला दिली. तिचे तास १७० झाले आहेत, तिच्या ती कामी येईल. रात्रीचे खाते ऑक्टोबरला उघडायचे.

२२ मार्च २०२४

एकूण ११०:४०. हुड लावून इन्स्ट्रुमेंट उड्डाण सुरू झाले. हुड म्हणजे टोपीच्या झापेसारखी एक आडकाठी. तिच्यामुळे समोरचे उपकरणांचे पडदे दिसतात आणि बाहेरचे काही दिसत नाही.

आज सरांनी डोळे मिटायला सांगितले, विमान हळूहळू डावीकडे वळवले आणि तसेच धरून ठेवले. अर्ध्या मिनिटानंतर त्यांनी विचारले की आपण कसे उडत आहोत. मी पूर्ण खात्रीने सांगितले, सरळ. मग त्यांनी विमान खरोखर सरळ केले आणि मला शपथेवर वाटले की आपण उजवीकडे वळत आहोत. डोळे उघडले, तेव्हा क्षितिज दाखवणारी रेघ आडवी, स्थिर होती आणि माझी मान उजवीकडे झुकलेली होती. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव वळणाच्या सुरुवातीला मागे राहतो, पण वळण एकसारखे चालू राहिले की वीसेक सेकंदांत तोही नळीबरोबर फिरू लागतो आणि मेंदूला वळणाची बातमी मिळणे बंद होते. पुस्तकात हे मी वाचले होते, आकृतीसह. वाचलेले आणि मानेला कळलेले यांत इतके अंतर असेल असे वाटले नव्हते.

३ मे २०२४

एकूण १२७:५५.

दुपारी तापमान ४३ अंश. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंच आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर १३ अंश असायला हवेत, म्हणजे तीस अंश जास्त. दर अंशाला १२० फूट या हिशेबाने विमानाला वाटते की आपण ४,६०० फुटांवरून उड्डाण करत आहोत. पंखाला हवा पातळ, पंख्याला पातळ, इंजिनलाही पातळ. गेल्या आठवड्यात दुपारी चार वाजता सरांबरोबर निघाले, तेव्हा चाके धावपट्टी सोडेपर्यंत डिसेंबरपेक्षा डोळ्यांना दिसण्याइतकी जास्त धाव लागली आणि चढण इतकी मंद की हँगरचे छप्पर खाली जायचे नावच घेईना.

त्यात डीए-४० ची छत्री, म्हणजे डोक्यावरचे पारदर्शक छत. तिच्यातून चारही बाजूंचे सुरेख दिसते, पण मे महिन्यात ते काचेचे भांडे आहे. जमिनीवर टॅक्सी करताना छत्री किंचित उघडी ठेवतो आणि तरीही पट्ट्याचे बक्कल हाताला चटका देते.

त्यामुळे आता उड्डाणे फक्त सकाळी. आज हुड लावून ड्युअल, म्हणजे सरांबरोबरची, सॉर्टी केली, ६:०५ ला निघून ७:२० ला परत. सहा वाजता तापमान २९ होते, हवा लोण्यासारखी. साडेआठनंतर नांगरलेली काळी शेते तापतात, त्यांवरून उष्ण हवेचे खांब उठतात आणि शेजारच्या तलावावर आले की विमान हवेतच खाली दबते. उंची धरून ठेवणे हा खेळच होतो. संध्याकाळी वसतिगृहात पंखा बंद असताना लॉगबुक लिहिले.

२१ जुलै २०२४

एकूण १४२:३०, म्हणजे अडीच महिन्यांत पंधरा तास. या महिन्यात आतापर्यंत चार तास.

पावसाचे गाऱ्हाणे करून उपयोग नाही. ज्यांची रोवणी चालू आहे, त्यांना तो हवाच आहे. सिम्युलेटरचे २० तास या काळातच संपवायचे ठरवले होते, त्यांतले १४ झाले. ते मी एकूण उड्डाणाच्या खात्यात धरत नाही, इन्स्ट्रुमेंटच्या खात्यात वेगळ्या रकान्यात ठेवते. होल्डिंगचा, म्हणजे हवेत थांबून राहण्याचा, अंडाकार, व्हीओआर या दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रावरून येणे, अंतर दाखवणाऱ्या डीएमईचा कंस आणि धावपट्टीपर्यंतची वाट व उतार रेडिओने दाखवणारी आयएलएस ही सगळी कामे सिम्युलेटरवर चांगली पक्की होतात, कारण तिथे चुकले की थांबवता येते. तीन अंशांच्या उतारावर जमिनीवरच्या वेगाची पाचपट म्हणजे मिनिटाला किती फूट खाली यायचे तो आकडा : ९० नॉटला ४५०. हे इतके सोपे असताना मी दोन महिने सुईच्या मागे धावत होते.

मीटिऑरॉलॉजी सुटले, ८२. जूनमध्ये मुंबईला आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, परीक्षा झाली, तीही सुटली. इंग्रजी प्राविण्याची पातळी ५ मिळाली, ४ लागते.

१३ ऑगस्ट २०२४

उड्डाण ०:००. काल ०:००. परवा ०:००.

२० ऑक्टोबर २०२४

एकूण १६६:२०. रात्रीचे खाते उघडले आणि आज एकटीची दहा लँडिंग पूर्ण झाली. चार तारखेला तीन, बाराला तीन, आज चार.

दिवसा धावपट्टीकडे येताना माणूस नकळत शंभर गोष्टी पाहत असतो : झाडे, कुंपण, रस्त्यावरची सायकल, सावली. रात्री या शंभरांतली एकही उरत नाही. बिरसीच्या भोवती धानाची शेते आहेत, दिवा नाही, घर नाही. काळ्या कापडावर दोन समांतर माळा ठेवाव्यात तशी धावपट्टी दिसते. अशा अंधारात आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे डोळ्याला वाटते आणि हात नाक खाली करू पाहतो. पहिल्या रात्री ड्युअलमध्ये मी तेच केले. धावपट्टीच्या डावीकडे पापीचे चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. माझे तीन लाल झाले, आणि मला अजून वाटत होते की मी उंच आहे. चौथा गुलाबी पडू लागला, तेव्हा सरांनी स्वतःच थ्रॉटल पुढे केला.

टेकण्याची युक्ती एका वरिष्ठ मुलीने सांगितली. कडेचे दिवे खाली येताना आधी दूर दूर असतात. ते एकदम फाकून दोन्ही बाजूंनी खांद्यांपर्यंत वर आल्यासारखे वाटले, की ओढायला सुरुवात करायची. मी दिव्यांकडे न पाहता दिव्यांच्या फाकण्याकडे पाहू लागले आणि सातव्या लँडिंगपासून चाक केव्हा टेकले ते आवाजावरून कळू लागले.

जे फेब्रुवारीत सोडले होते, ते आता एप्रिलपर्यंत चालेल. फुली खोडली नाही, शेजारी तारीख लिहिली.

१६ नोव्हेंबर २०२४

मल्टि-इंजिन. डीए-४२, दोन इंजिने. शाळेच्या कार्यक्रमात यासाठी पंधरा तास आहेत आणि माझ्या सिंगल-इंजिनच्या १८५ वर ते पंधरा बसतात.

दोनांतले एक इंजिन गेले तर निम्मी ताकद जाते, असे वाटते. ताकद निम्मीच जाते, पण चढण्याची क्षमता सुमारे ८० टक्के जाते, कारण चढायला उपयोगी पडते ती उडत राहण्याच्या गरजेवरची शिल्लक. बाबांना फोनवर हे सांगितले, त्यांना लगेच कळले; धंदा निम्मा झाला तर नफा निम्मा राहत नाही.

साडेचार हजार फुटांवर सरांनी एक इंजिन मंद केले. विमानाचे नाक त्या बाजूला ओढले जाते आणि ते सरळ ठेवायला विरुद्ध बाजूचे रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, पायाने दाबावे लागते. जो पाय मोकळा राहिला, त्या बाजूचे इंजिन बंद पडलेले. सगळे जण 'डेड फूट, डेड इंजिन' असे म्हणतात. पहिल्या वेळी मी पाय न पाहता पडद्यावरचे आकडे पाहिले आणि चालू इंजिनवर बोट ठेवले. सरांनी माझे बोट तसेच राहू दिले, काही बोलले नाहीत. चार सेकंदांनी मला ते दिसले. त्यानंतर दर वेळी मी मोकळ्या मांडीवर हात आपटून मोठ्याने बाजू सांगते, मगच हात वर जातो.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणीही याच विमानावर, नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवरील आयएलएसने झाली. काटे मध्यावर राहिले. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

१ डिसेंबर २०२४

दोन्ही क्रॉस-कंट्री चाचण्या झाल्या. दिवसाची किमान २५० मैलांची हवी. आम्ही बिरसी–जबलपूर–नागपूर–बिरसी उडलो, ३११ मैल. बालाघाटच्या पुढे सातपुड्याचे जंगल, उतरायला जागा शोधायची म्हटली तर नदीचे पात्रच, आणि मग एकाएकी बरगी धरणाचे पसरलेले पाणी. रात्रीची किमान १२० मैलांची आणि कुठेही न उतरता परत येण्याची असते. नागपूरच्या व्हीओआरवरून वळून परत, १४८ मैल. तिरोड्याच्या धुराड्यांचे लाल दिवे चाळीस मैलांवरून दिसतात.

लॉगबुकची शेवटची बेरीज : एकूण २००:१५. पीआयसी १०४:३०. पीआयसी क्रॉस-कंट्री ५२:२०. इन्स्ट्रुमेंट विमानात २०:४०, सिम्युलेटरवर २०:००. रात्रीचे ९:५०. सगळी खाती भरली. उद्या तुमसरला जाऊन परवा अर्जाचे कागद स्कॅन करायचे.

२ डिसेंबर २०२४, तुमसर

बाबांनी जेवणाच्या आधी लॉगबुक मागितले. त्यांनी गणकयंत्र घेतले नाही. शेवटच्या पानावर एकूणचा आकडा, पीआयसीचा आकडा आणि ड्युअलचा आकडा यांवर पेन्सिलीचे टोक फिरवले आणि म्हणाले, "उभी बेरीज जुळते, आडवी जुळत नाही."

पीआयसी १०४:३०. ड्युअल ९५:२५. दोन्ही मिळून १९९:५५ होतात. एकूणच्या रकान्यात २००:१५ आहेत. मी प्रत्येक रकाना वरून खाली जोडत आले होते आणि तिन्ही रकाने आपापल्या जागी बरोबर होते. त्यांचा एकमेकांशी ताळा मी वर्षभरात एकदाही घेतला नव्हता. वीस मिनिटे शिल्लक दिसत होती आणि ती वीस मिनिटे कधी उडालेलीच नव्हती.

आम्ही एकेक पान मागे गेलो. जेवण गार झाले. ३ मेच्या ओळीत सापडले : निघाले ६:०५, परत ७:२०, ड्युअल १:१५, एकूण १:३५.

४ डिसेंबर २०२४, बिरसी

चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारून वर बरोबर आकडा लिहिला, तेव्हापासूनची सर्व पानांची पुढे आणलेली बेरीज दुरुस्त केली आणि प्रत्येक दुरुस्तीवर मुख्य प्रशिक्षकांची सही घेतली. अकरा सह्या झाल्या. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले. ते म्हणाले की वडिलांना आमच्या ऑफिसात पाठवून दे.

पाच मिनिटे कमी पडत होती. दुपारी सोलो गेले, स्थानिक, ३:१० ते ४:००, तीन लँडिंग. तिसऱ्या वेळी हैदराबादचे विमान येत होते म्हणून डाउनविंडवर, म्हणजे सर्किटच्या धावपट्टीला समांतर बाजूवर, थोडे लांब जावे लागले. एकूण २००:४५. पीआयसी १०५:२०, ड्युअल ९५:२५. आडवी बेरीज घेतली.

सायंकाळी साडेसातला डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर अर्ज भरला.